गटाच्या पिकअपची चाके: वजनाला पुरणाऱ्या डिस्क आणि टायरच्या निवडीच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४

आमच्या शेतकरी गटाच्या पिकअपच्या मागच्या डाव्या टायरला बाहेरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा आल्याचे आज सकाळी आमच्या चालकभाऊंच्या लक्षात आले. असा फुगा म्हणजे आतल्या दोऱ्यांपैकी काही तुटल्या आहेत आणि आता हवेचा सगळा दाब केवळ रबर सांभाळत आहे, असाच त्याचा अर्थ होतो. त्यामुळे तो टायर लगेच उतरवून स्टेपनी चढवली. स्टेपनी चढवताना दुसरी एक गोष्ट उघड झाली. गाडीला लावलेली चार चाके अलॉयची आणि रुंद टायरची आहेत, स्टेपनी मात्र लोखंडी डिस्कची (डिस्क म्हणजे टायर चढवायचे धातूचे चाक), अरुंद आणि उंचीला कमी आहे. जूनमध्ये ही गाडी जुनी घेतली तेव्हा चकचकीत अलॉय पाहून आम्हां सर्वांना आनंदच झाला होता, आणि त्यांच्या मागे वाकून पाहण्याचे कोणाच्याही मनात आले नव्हते. व्यवहाराच्या वेळी मीही तिथे होतो, म्हणून ही जबाबदारी माझीही आहे.

आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरात सुरू होतील. त्याआधी चाकांचा निर्णय झाला पाहिजे, आणि तो दुकानदाराच्या शब्दावर न होता आकड्यांवर झाला पाहिजे, असे ठरवून या नोंदी सुरू करीत आहे. गटाच्या प्रत्येक सभासदाने त्या वाचाव्यात, कारण पैसा सर्वांचा आहे आणि गाडीत आपल्याच घरची माणसे बसतात.

२० ऑगस्ट २०२४

दाराच्या चौकटीवरची पाटी पुसून घेतली आणि नोंदणी पुस्तिका शेजारी ठेवून दोन्ही वाचले. भरलेल्या गाडीचे कमाल एकूण वजन २,९९० किलो, पुढच्या आसाची मर्यादा १,२५० किलो आणि मागच्या आसाची १,८५० किलो आहे. दोन्ही आसांची बेरीज ३,१०० होते, पण म्हणून गाडी ३,१०० किलोची होत नाही. तिन्ही मर्यादा एकाच वेळी पाळायच्या असतात. टायरचा आकार दोन्ही ठिकाणी २१५/७५ आर १५ एलटी, ८ प्लाय असा आहे (रुंदी २१५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, डिस्क १५ इंच; एलटी म्हणजे हलक्या ट्रकचा, प्लाय म्हणजे ताकदीचे थर), म्हणजे स्टेपनीच मूळ आहे आणि चढवलेली चार चाके परकी आहेत.

मालवाहू गाडीच्या नोंदणीत प्रत्येक चाकावरच्या टायरची संख्या, प्रकार आणि आकार, तसेच आसांची वजने लिहिली जावीत अशी तरतूद मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५८ मध्येच आहे. म्हणून वेगळ्या आकाराचा टायर हा आपल्या आवडीचा प्रश्न राहत नाही. कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरे, अशी ही गाडी गेले अडीच महिने आपण चालवीत होतो.

२५ ऑगस्ट २०२४

आज वरुडच्या वजनकाट्यावर गाडीचे वजन आसांप्रमाणे वेगवेगळे केले. काटेवाल्यांना आधी याचे नवल वाटले, पण पद्धत सोपी आहे: प्रथम फक्त पुढची चाके काट्यावर घ्यायची, मग पूर्ण गाडी घ्यायची, आणि दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की मागच्या आसाचे वजन मिळते. काट्याच्या अलीकडची जमीन काट्याच्या पातळीला असली पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो. हा काटा त्या दृष्टीने चांगला आहे.

चालकासह रिकामी गाडी १,७३० किलो भरली, पुढे ९२० आणि मागे ८१०. नंतर कपाशीसाठी आणलेल्या युरियाच्या ४५ किलोच्या २६ बॅगा, म्हणजे १,१७० किलो माल, नेहमीच्या सवयीने फाळक्याकडून भरत नेला. एकूण २,९०० किलो झाले. हा आकडा पाहून काकाजी म्हणाले, "नव्वद किलो अजून शिल्लक हाय ना जी." एकूण वजनापुरते ते बरोबरच होते. पण पुढे १,००० आणि मागे १,९०० होते, म्हणजे मागचा आस त्याच्या मर्यादेपेक्षा ५० किलोने अधिक दबला होता. मालातले १,०९० किलो मागच्या आसावर गेले आणि पुढच्या आसाच्या वाट्याला केवळ ८० आले.

मग त्याच २६ बॅगा केबिनला टेकवून पुन्हा रचल्या. माल सरासरी एक वीतभर, साधारण १८ सेंटिमीटर पुढे सरकला असेल. एकूण वजन अर्थातच तेवढेच राहिले, पण पुढे १,०७० आणि मागे १,८३० झाले. एका वितीने मागच्या आसावरचे ७० किलो उतरले.

मला आजची ही नोंद सगळ्यात महत्त्वाची वाटते. टायर घेताना बहुतेक जण गाडीचे एकूण वजन घेऊन त्याला चाराने भागतात. तसे केले तर २,९९० चे प्रत्येक चाकाला साडेसातशेच्या आत येतात, आणि ८०० किलोचा टायर पुरेसा वाटतो. खरा हिशेब मागच्या आसाचा आहे: १,८५० चे निम्मे, ९२५ किलो. पिकअपमध्ये माल नेहमी मागेच बसतो, आणि चार चाकांमध्ये वजनाची समान वाटणी कधीच होत नाही.

२७ ऑगस्ट २०२४

अलॉयवरच्या टायरांची भिंत वाचली. आकार २३५/७५ आर १५, पुढे १०५ एस. यातील १०५ हा भारांक आहे आणि त्याचा अर्थ ९२५ किलो; एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. भारांकाचे ठरलेले कोष्टक असते: १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १,०००. वरवर पाहता ९२५ चे दोन टायर १,८५० ला नेमके पुरतात, आणि गाडी विकणाऱ्याने कदाचित हाच हिशेब केला असेल.

पण या टायरवर एलटी नाही, आणि आयएसआय चिन्हाच्या वर १५६३३ हा मानक क्रमांक आहे, जो प्रवासी मोटारींच्या टायरांचा आहे; मालवाहू वाहनांच्या टायरांसाठी १५६३६ आहे. प्रवासी टायरची क्षमता कमी दाबाच्या हवेवर आणि मोटारीच्या वापरावर ठरवलेली असते. अमेरिकेत असा टायर हलक्या ट्रकला लावायचा झाल्यास त्याची क्षमता १.१० ने भागून धरावी लागते, कारण ट्रकमध्ये भार उंच असतो, सरकतो आणि अनेकदा ठरल्यापेक्षा जास्तही होतो. त्या नियमाने ९२५ चे ८४० उरतात आणि दोन टायर मिळून १,६८० किलो होतात. तो कायदा आपल्याकडचा नाही, पण त्यामागचे कारण आपल्या पांदण रस्त्यावर अधिकच खरे आहे. पावसाळ्यात काळ्या मातीतल्या एका चाकोरीत डावे चाक उतरले की दोन चाकांचा भार क्षणभर एकावर येतो.

त्यानंतर एक अलॉय उतरवून पालथे केले. आरीच्या मागच्या बाजूला चिखलाखाली कोरलेला आकडा मिळाला: कमाल भार ६९० किलो. तो मी तीनदा वाचला. मागच्या आसावर अशी दोन चाके म्हणजे १,३८० किलो, आणि परवा काट्यावर त्या आसावर १,९०० किलो होते. म्हणजे टायरची चर्चा नंतरची आहे. आपण जून महिन्यापासून क्षमतेच्या सव्वापटीहून अधिक भार या चाकांवर टाकीत आलो आहोत.

चाकाच्या मापात आणखी दोन गोष्टी आढळल्या. मूळ डिस्क ६ इंच रुंद असून तिचा ऑफसेट ३० आहे, अलॉय ७ इंच रुंद असून त्याचा ऑफसेट शून्य आहे. ऑफसेट म्हणजे चाक हबला जिथे टेकते ती पातळी चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे ते अंतर. ऑफसेट ३० ने कमी झाला म्हणजे टायरची मध्यरेषा ३ सेंटिमीटर बाहेर गेली आणि तेवढा तरफेचा ताण बेअरिंगवर वाढला. शिवाय मूळ टायरचा व्यास हिशेबाने सातशे साडेतीन, म्हणजे ७०३.५ मिलिमीटर येतो, आणि या टायरचा ७३३.५. सव्वाचार टक्के मोठा टायर असल्याने वेगाचा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टच्या आसपास धावते, आणि वळणावर हबला बसणारा पीळ वाढतो, कारण तो टायरच्या त्रिज्येबरोबर वाढत असतो. आता स्टेपनी मागे एका बाजूला आहे, म्हणजे दोन बाजूंना दोन व्यास झाले आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रे, सारखे फिरत राहणार. म्हणून आजपासून गाडी उभी करीत आहोत. खताची उरलेली फेरी भाड्याच्या गाडीने होईल.

२९ ऑगस्ट २०२४

मोर्शीच्या एका वर्कशॉपमध्ये चारही अलॉयची लाल रंगाची चाचणी करून घेतली. चाक स्वच्छ धुऊन त्यावर पातळ लाल द्रव मारतात, काही वेळाने तो पुसून पांढरी भुकटी फवारतात, आणि जिथे चीर असेल तिथून लाल रेघ वर येते. मागच्या उजव्या चाकाच्या एका आरीच्या बुडाशी, नटाच्या भोकापासून बोटभर अंतरावर, सुमारे अडीच सेंटिमीटरची रेघ उमटली. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नव्हते. फुगा डाव्या टायरला आला म्हणून आपण थांबलो, आणि चीर मात्र उजव्या चाकात होती.

१ सप्टेंबर २०२४

उद्या पोळा असल्याने सगळे गावातच होते. संध्याकाळी बैठक घेतली. काट्याच्या पावत्या आणि ते चीर गेलेले चाक मधोमध ठेवले, त्यामुळे फार बोलावे लागले नाही.

तरी दोन प्रश्न आले आणि ते योग्यच होते. एका तरुण सभासदाने विचारले, "भाऊ, याच्यापेक्षा बी जास्त प्लायचा मोठा टायर टाकला त गाडी जास्त माल नाही उचलणार का?" याचे उत्तर नाही असे आहे. गाडीची क्षमता आस, पाटे, बेअरिंग, ब्रेक, चाक आणि टायर या साखळीतल्या सर्वांत कमकुवत कडीएवढी असते. टायर कितीही भक्कम घेतला तरी मागच्या आसाचे १,८५० हे १,८५० च राहतात आणि नोंदणीतले वजनही बदलत नाही. जास्त वजनाबद्दल कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, हेही सांगितले. पण घाट उतरताना ब्रेक न लागणे हे दंडापेक्षा मोठे आहे, यावर सगळ्यांचे एकमत झाले.

दुसरा प्रश्न अलॉय वाईट असतात का हा होता. तसे मुळीच नाही. नीट बनवलेले आणि तपासलेले अलॉय हे काम चांगले करते. आपल्याकडचे अलॉय एका चाकावर ६९० किलोच्या आत भार येणाऱ्या मोटारीसाठी योग्यच असेल, ते चुकीच्या गाडीला लावले गेले.

बैठकीत ठरले ते असे: टायरचा आकार नोंदणीतलाच राहील, टायर एलटी आणि भारांक किमान १०६ असेल, डिस्क कोणत्याही बनावटीची चालेल पण तिच्यावर किमान ९५० किलोचा आकडा कोरलेला असला पाहिजे, आणि स्टेपनीसह पाचही चाके एकसारखी असतील.

५ सप्टेंबर २०२४

अमरावतीत चार दुकाने पाहिली. पहिल्या दुकानात २१५/७५ आर १५ मागताच १०० एसचा टायर समोर आला. तो ८०० किलोचा आहे, म्हणजे मागे दोन मिळून १,६००. आकार तंतोतंत तोच असूनही टायर आपल्या कामाचा नाही, हे आकारापुरती चौकशी करणाऱ्याला कळणार नाही. दुसऱ्या दुकानात एलटी १०६/१०३ मिळाला. यातील पहिला आकडा एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी असतो. आपल्याला पहिला लागू, म्हणजे ९५० किलो, आणि तो ६५ पीएसआय हवेवर. मात्र भिंतीवरचा तारखेचा आकडा ४७२१ होता, म्हणजे २०२१ सालच्या ४७ व्या आठवड्यातला माल. जवळजवळ तीन वर्षे दुकानात पडलेला टायर पूर्ण किमतीला घेणे मला पटले नाही, आणि दुकानदारानेही आग्रह केला नाही.

डिस्कच्या बाबतीत अधिक वेळ गेला. दोन अलॉयच्या पाठीवर भाराचा आकडाच नव्हता. तिथल्या मुलाने "बोलेरोला चालते, स्कॉर्पिओला चालते, तुमच्याला बी चालन" असे आपुलकीने सांगितले, पण भोके जुळणे म्हणजे भार जुळणे नव्हे. आपल्या हबला ५ नट आणि १३९.७ मिलिमीटरचे वर्तुळ आहे, आणि या मापाची चाके हलक्या जीपपासून जड पिकअपपर्यंत अनेक गाड्यांना बसतात. भोके जुळल्यावर लोकांचे समाधान होते, आणि चूक होण्याची जागा नेमकी हीच आहे.

तिसरे अलॉय खरोखर चांगले होते. त्यावर जेडब्ल्यूएल-टी ही ट्रक आणि बससाठीची जपानी खूण होती आणि कमाल भार ९८० किलो असा स्पष्ट आकडा होता. नुसते जेडब्ल्यूएल असेल तर ते प्रवासी मोटारीचे मानक असते. शेवटचे टी अक्षर आपल्यासाठी महत्त्वाचे. पण त्याचा ऑफसेट १० होता, म्हणजे चाक २ सेंटिमीटर बाहेर जाणार, आणि त्याला वेगळ्या बैठकीचे नट लागणार. एका चाकाची किंमत ९,५०० रुपये. हेच चाक ३० ऑफसेटमध्ये असते तर मी बैठकीत त्याची बाजू मांडली असती.

शेवटच्या दुकानात लोखंडी डिस्क मिळाली: १५ इंच व्यास, ६ इंच रुंदी, ऑफसेट ३०, मधले भोक हबवर घट्ट बसणारे, आणि कडेला १,००० किलो असा ठसा. मूळ डिस्क सोबत नेली होती, दोन्ही पाठीला पाठ लावून मोजल्या. या टायरला साडेपाच ते सात इंच रुंदीची रिम चालते, त्यामुळे सहा इंच अगदी योग्य आहे. पाच डिस्कची मागणी नोंदवली.

११ सप्टेंबर २०२४

नवा माल आला. टायरवर २६२४ आहे, म्हणजे याच वर्षीच्या जूनअखेरचा.

१४ सप्टेंबर २०२४

आज पाचही चाके तयार करून चढवली. दोन गोष्टींवर मी अडून बसलो. पहिली व्हॉल्वची. नेहमीचा रबरी व्हॉल्व थंड हवेच्या ६५ पीएसआयपर्यंतच असतो, आणि भरलेल्या गाडीला मागे आपल्याला तेवढीच हवा लागते, म्हणजे तिथे काहीच शिल्लक उरत नाही. म्हणून आतून-बाहेरून नटाने आवळायचे धातूचे व्हॉल्व घातले. दुसरी नटांची. अलॉयसाठी लावलेले लांब नट काढून मूळ शंकूच्या बैठकीचे नट परत आणले, हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला, आणि डिस्क टेकते त्या जागी रंगाचा जाड थर राहू दिला नाही, कारण दबून गेलेला रंग नट सैल करतो. नट हाताने पूर्ण बसवले, मग चांदणीच्या क्रमाने, आणि शेवटी टॉर्क पान्ह्याने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत. फिटरभाऊंनी हवेच्या गनने शेवट करण्याची घाई केली नाही, याबद्दल त्यांचे आभार मानले.

खर्च: टायर ७,२०० प्रमाणे पाच, ३६,००० रुपये, डिस्क २,६०० प्रमाणे पाच, १३,००० रुपये, व्हॉल्व, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि मजुरी २,४०० रुपये. एकूण ५१,४०० रुपये.

जुन्या चारही अलॉयना कोणी तरी विकत मागत होते. तीन चाकांत चीर दिसली नाही हे खरे, पण ती पुन्हा एखाद्या पिकअपलाच लागतील या भीतीने चारही चाके कापून भंगारात दिली. ४४ किलोचे १४० दराने ६,१६० रुपये आले ते जमा केले.

१६ सप्टेंबर २०२४

शंभर किलोमीटर झाल्यावर सर्व नट पुन्हा तपासले. मागच्या उजव्या चाकाचे दोन नट किंचित फिरले, बाकी जागेवर होते. नव्या डिस्कच्या बाबतीत हे अपेक्षित असते, म्हणूनच ही तपासणी टाळू नये.

६ ऑक्टोबर २०२४

आंबियाची पहिली फेरी आज काटोलमार्गे नागपूरच्या कळमना बाजारात गेली. मागच्या दोन टायरांची क्षमता १,९०० आणि आसाची १,८५०, म्हणजे शिल्लक फार नाही, आणि डावी-उजवी बाजू कधी समान भरत नाही. त्यामुळे गटाने स्वतःसाठी मागच्या आसावर १,७५० किलोची मर्यादा घातली आहे. भरलेले कॅरेट सरासरी २१ किलोचे धरून ५० कॅरेट, केबिनला टेकवून. काट्यावर पुढे १,०५० आणि मागे १,७३० आले. पूर्वी ५५ नेत होतो; पाच कॅरेट कमी झाल्याची कुरकूर एक-दोघांनी केली, पण फेऱ्यांचे वेळापत्रक बदलून ती तूट भरून निघेल असे दिसते.

हवा पहाटे, गाडी निघण्याआधी पाहिली: पुढे ४०, मागे ६५. कोंढाळीच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मागे ७१ दाखवत होते. चालकभाऊंनी हवा काढू का असे विचारले. गरम टायरची हवा कधीही काढायची नाही. चालून वाढलेला दाब टायरच्या हिशेबात धरलेला असतो, आणि काढली तर तो थंड झाल्यावर कमी हवेवर भार वाहू लागतो, भिंत जास्त वाकते आणि तापते. टायर फुटण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. रिकाम्या परतीला मात्र पाटीप्रमाणे मागे ४५ ठेवावे, नाहीतर मधली नक्षी लवकर झिजते आणि गाडी उडते. टायर पूर्ण थंड झाल्यावरच ते करावे.

१५ डिसेंबर २०२४

चाकांचे ४,८०० किलोमीटर झाले. नव्या टायरची नक्षी १० मिलिमीटर खोल होती. मागचे दोन्ही टायर ९.२ वर आहेत आणि झीज सारखी आहे. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड ८.९ आणि आतली ९.४ निघाली, म्हणून अलाइनमेंट पुन्हा करून घेतले. पांदणीतल्या एका दगडावर ते चाक जोरात आदळल्याचे चालकभाऊंनी स्वतःहून सांगितले होते. त्या डिस्कची कड फिरवून पाहिली, वाक नाही. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटरची आहे, पण भरल्या गाडीला ३ च्या खाली आपण चालवायचे नाही असे वहीत लिहून ठेवतो.

मागच्या डाव्या चाकाची हवा पंधरा दिवसांत ४ पीएसआय उतरली. साबणाचे पाणी लावल्यावर व्हॉल्वच्या बुडाशी बुडबुडे आले. नट पाव फेरा आवळला आणि बुडबुडे थांबले. पुढची तपासणी संक्रांतीनंतर, मृग बहाराचा माल सुरू होण्याआधी होईल, आणि तेव्हा स्टेपनीलाही फेऱ्यात घेऊन पाचही टायरांच्या जागा बदलायच्या आहेत.